सायटेशनची भिशी मोडणारे मोमीन सर

डॉ. दस्तगीर मोमीन सरांना मी पहिल्यांदा पाहिलं ते कबनूरला, माझे वडील काम करायचे त्या यंत्रमागाच्या शेडमध्ये. तेव्हा मी कॉलेजात शिकत होते. दारात उभे राहून सर काहीतरी विचारत होते आणि मागांच्या खडखडाटात एक शब्द कळत नव्हता. वडील ओरडले, "पावणं, भाईर चला, हितं काय ऐकू येत न्हाय!" रात्रपाळीच्या कामगारांची झोप आणि त्यांची चिडचिड यांवर सरांचं संशोधन चाललं होतं. वडील म्हणाले, "माझ्या चिडचिडीचं हिच्या आईला इचारा की." सर खरोखरच घरी आले आणि आईशी तासभर बोलले. कोल्हापुरात त्यांच्या हाताखाली मानसशास्त्र शिकायचं, हे मी त्याच दिवशी ठरवलं.

सरांची एक खोड त्यांच्या सगळ्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे. आपल्या लेखाचा कुणी संदर्भ दिला, म्हणजे सायटेशन मिळालं, की सर त्या माणसाला फोन करतात. आभार मानायला नव्हे हं! "माझं कुठं चुकलंय ते सांगा," असं विचारायला. समोरचा बिचारा गडबडून जातो.

आता अशा माणसासाठी आमच्या मंडळींनी काय करावं? तोवर मी सरांच्याच कॉलेजात शिकवू लागले होते आणि आमच्या कॉलेजला पीएच.डी.चं संशोधन केंद्र हवं होतं. ते मिळालं की पहिली नोंदणी माझी, सरांच्या मार्गदर्शनाखाली, असं ठरलेलं. मी तात्पुरत्या नोकरीत होते आणि पीएच.डी.शिवाय कायम होणार नव्हते. मानसशास्त्रातल्या आघाडीच्या संशोधकांची सायटेशनवरून क्रमवारी लागते. तीत सरांचं नाव वर आलं तर केंद्र पक्कं, असं सगळ्यांना वाटत होतं. मग आसपासच्या कॉलेजांतल्या प्राध्यापकांनी चक्क भिशी लावली. दर महिन्याला एकाचा नंबर, आणि त्या महिन्यात बाकीच्यांनी आपापल्या लेखात त्याचा संदर्भ द्यायचा. वडीलकीच्या मानानं पहिला नंबर मोमीन सरांचा. सरांना मात्र कुणी पत्ता लागू दिला नाही.

सर क्रमवारीत भराभर वर चढले. मी खूश, प्राचार्य खूश. सर तर लहान मुलासारखे हरखले आणि त्यांनी फोन लावायला सुरुवात केली! कागलच्या एका प्राध्यापकांनी परीक्षेच्या भीतीवरच्या लेखात सरांच्या मागकामगारांच्या झोपेवरच्या लेखाचा संदर्भ घातला होता. सरांनी त्यांना घरी जेवायलाच बोलावलं. पांढरा रस्सा वाढता वाढता विचारलं, "आता सांगा, माझं काय पटलं न्हाय?" त्या भल्या माणसानं हातातला घास ताटात ठेवला. "सर, खरं सांगू? प्रेमापोटी घातला हो. लेख वाचलेला न्हाय." आणि भिशीची सगळी हकीकत त्यांनी सांगून टाकली. पंगतीला मीही होते. सर आधी मोठ्यानं हसले. मग हळूच म्हणाले, "आपलं काम कुणीतरी वाचतंय म्हणून मी लई खूश झालो होतो की हो."

दुसऱ्या दिवशी सरांनी भिशी मोडायला लावली आणि प्राचार्यांना सांगून केंद्राच्या प्रस्तावातून ती क्रमवारी काढायला लावली. त्या वर्षी केंद्र मिळालं नाही. सर स्वतः कबनूरला आमच्या घरी आले आणि वडिलांना सगळं सांगितलं. आई फटकळ. ती म्हणाली, "सर, तुमी लई खरं वागलासा, पण आमच्या पोरीचं नुकसान झालं की!" सर मान खाली घालून म्हणाले, "व्हय, झालं. माझ्यामुळं झालं." मला इतका राग आला होता की मी त्यांना चहासुद्धा विचारला नाही.

पण सर गप्प बसणारे नव्हेत. दुसऱ्या विद्यापीठात त्यांनी माझ्यासाठी मार्गदर्शक शोधले, एसटीनं माझ्याबरोबर खेपा घातल्या. प्रबंधाचं प्रत्येक प्रकरण त्यांनी वाचलं, खोडलं, पुन्हा लिहायला लावलं. त्यांचं नाव त्यावर कुठेही मार्गदर्शक म्हणून नाही. मी डॉक्टर झाले, कायमही झाले.

यंदा आमच्या कॉलेजला केंद्र मिळालं, सरळ मार्गानं मिळालं. आणि सर साठ पूर्ण करून याच वर्षी निवृत्त होत आहेत. ज्या केंद्रासाठी ते इतकी वर्षं झटले, तिथं त्यांच्या नावावर एकही विद्यार्थी असणार नाही. मला हे सलतं, फार सलतं. परवा सरांना तसं बोलून दाखवलं तर माझ्यावरच खेकसले, "नाव कुणाचं का असंना! पोरगी कधी येणार हाय ते सांगा."

सर, ती सोमवारी येते आहे. आपल्या केंद्राची पहिली विद्यार्थिनी, इचलकरंजीची. तिची मार्गदर्शक मी आहे आणि मला धडकी भरली आहे. परमेश्वर आपल्याला उदंड आयुष्य देवो, तब्येत ठणठणीत ठेवो. शुभेच्छा देऊन झाल्या. आता सोमवारी वेळेवर या, तुमची खुर्ची मी माझ्या शेजारीच मांडली आहे.