ओसरीवरचे शूर

पाठीमागे शिव्या घालणारी आणि समोर लाळ घोटणारी माणसं मी आयुष्यात पुष्कळ पाहिली. पण आमच्या कमिटीतल्या त्या पाच जणांची सर कुणाला नाही. गोष्ट साठ सालानंतरची. पक्षाच्या तालुका कमिटीत एक बाईमाणूस हवं असं वरून आलं होतं. मी सातवी पास, शिवाय माझे वडील बेचाळीसच्या चळवळीत तुरुंगात जाऊन आलेले, म्हणून मला घेतलं. बैठकीत मी तोंड उघडावं असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

बैठक पौडला व्हायची. आमचं घर मुळशीला, धरणाच्या काठी. आमच्या बाजूचे पाच सभासद आणि मी आधी वाटेवरच्या माले गावात जमायचो. तिथं कमिटीतले सगळ्यांत थोरले सभासद राहायचे. त्यांच्या ओसरीवर चहा व्हायचा आणि मग एसटीनं पौड. पुरुष ओसरीवर बसायचे आणि मला न सांगता कळायचं की माझी जागा आत, थोरल्यांच्या सुनेबरोबर चुलीपाशी. कपबशा विसळता विसळता बाहेरचं सगळं ऐकू यायचं.

आणि काय ते बोलणं! आमचे अध्यक्ष म्हणजे या पाचांच्या लेखी तालुक्याला लागलेली कीड. जीप पक्षाची, पण फिरते त्यांच्या मेव्हण्याच्या लग्नात. रस्त्याचं काम मिळतं ते पुतण्याला. भाषण दुसऱ्याकडून लिहून घेतात आणि तेही धड वाचता येत नाही. थोरले तर अध्यक्षांच्या चालण्याची नक्कल करून दाखवायचे, पोट पुढं काढून. सगळे खो खो हसायचे. खोटं कशाला सांगू, आत मीही हसायचे. वाटायचं, काय निडर माणसं आहेत बाई! आपल्याच माणसाचं चुकलं तर चुकलं म्हणायला छाती लागते.

त्या साली आमच्या भागाला एक नर्सबाई आणि बाळंतपणाची खोली मिळणार असं कळलं. ती कुठल्या गावाला द्यायची, ते आमच्या कमिटीनं सुचवायचं होतं, आणि कमिटी सुचवेल तेच वर होणार हे उघड होतं. सगळ्यांच्या तोंडी मुळशी. दुसरं नाव असायचं कारणच नव्हतं. धरणाकाठच्या वाड्यांना पावसाळ्यात ना रस्ता ना वाहन. माझी धाकटी जाऊ आदल्या श्रावणात दोन दिवस अडून राहिली होती. शेवटी घोंगडीची झोळी बांबूला बांधून आमच्या माणसांनी आळीपाळीनं खांदा देत तिला पौडला न्यायला काढली. मूल वाटेतच गेलं. ती वाचली एवढंच. आता तिला पुन्हा चौथा महिना होता, आणि नर्सबाईची बातमी ऐकल्यापासून ती मला रोज एकच विचारायची, "आक्का, बाई कवा यायची?"

मग कळलं की अध्यक्षांना ती नर्सबाई स्वतःच्या गावाला हवी आहे. त्यांचं गाव पौडला खेटून, सडकेवर. तिथल्या बाईला कळा लागल्या तर बैलगाडी जुंपून पौडच्या दवाखान्यात पोचेपर्यंत चहासुद्धा गार होत नाही.

त्या दिवशी माल्याच्या ओसरीवर नुसता जाळ झाला. थोरले म्हणाले, या खेपेला सोडायचा नाही. कमिटीत आम्ही नऊ जण. त्यातले सहा मुळशीच्या बाजूनं राहिले की अध्यक्ष काय करणार? पण एकमेकांवर भरवसा कुणाचा होता? म्हणून थोरले उठून देवळात गेले आणि ताटलीत बेल आणि भंडारा घेऊन आले. आमच्याकडं बेलभंडार उचलला की शब्द फिरवत नाहीत. फिरवला तर देव घराला बघून घेतो म्हणतात. पाचांनी एकेक करून उचलला. मी हात पुसून बाहेर आले आणि मीही उचलला. घरी जाऊन जावेला सांगितलं, निवांत राहा, बाई इथंच येणार. ती पोरगी त्या दिवशी कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली.

बैठक झाली. अध्यक्ष गादीवर मांडी घालून बसले होते. त्यांनी शांतपणे सांगितलं की दोन गावं समोर आहेत, ज्यांना मुळशी हवी त्यांनी हात वर करावा. मी हात वर केला आणि बाकीच्यांची वाट बघत बसले. थोरल्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसायला घेतला होता. एक जण छताकडं बघत होता. एकाला एकाएकी खोकला लागला. माझा हात एकटाच वर, आणि खाली घ्यावा की ठेवावा हेही मला कळेना. मग अध्यक्षांनी आपल्या गावाचं विचारलं तसे बाकीचे सगळे हात वर गेले. एवढ्यावर भागलं नाही. थोरले उठून उभे राहिले आणि अध्यक्षसाहेबांनी तालुक्यासाठी हाडांची काडं केली म्हणून भाषण केलं. गळा दाटून आला त्यांचा. खरोखर दाटून आला!

परतताना एसटीत मी सरळ विचारलं, बेलभंडार उचलला होता ना? एक म्हणाला, त्या दिवशी त्याला चुलत्याचं सुतक होतं, सुतकात उचललेला देवाला पोचत नाही. दुसऱ्यानं बेलाचं पान किडकं होतं असं सांगितलं. तिसरा खिडकीबाहेर खाचरं बघत राहिला. थोरले तेवढे माझ्याकडं वळले आणि समजावून सांगावं तसं म्हणाले, "वैनी, पक्ष म्हंजे आई. माणूस आज हाय, उद्या न्हाई. आपुन पक्षाला धरून ऱ्हायचं." आणि माले यायच्या आत त्यांनी पुन्हा सुरू केलं, की माणूस लई हलकट, बघा कसा दुसऱ्यांच्या तोंडचा घास नेला. बाकीच्यांनी लगेच री ओढली. मी उठून पुढच्या बाकावर जाऊन बसले. लाज कशाशी खातात हे यांना माहीत नव्हतं.

चार-सहा दिवसांनी अध्यक्षांची जीप आमच्या दारात. मला वाटलं, आता कमिटीतून काढल्याचं सांगणार. ते घोंगडीवर टेकले, पाणी प्यायले आणि घरातल्यांसमोरच बोलले. "माल्यात कोण काय बोलतं ते मला समदं ठावं हाय, वैनी. त्यातलाच एकेक येऊन दुसऱ्याचं सांगून जातुया. बोलू द्या की. बोलून मोकळा झालेला गडी माझ्या इरुद्ध हात वर करत न्हाई." रागाचा मागमूस नव्हता. मग त्यांनी धाकट्या दिराला सांगितलं, की बायकोला आठवा लागला की आमच्या घरी आणून ठेवा, नर्सबाई दोन घरं सोडून राहणार आहे. जीप पाठवायचंही त्यांनीच कबूल केलं.

मी नाही म्हणाले असते. पण पोट माझं नव्हतं. दिराचे डोळे पाण्यानं भरले होते, आणि जाऊ दाराआडून माझ्याकडं बघत होती. मी मानेनंच हो म्हटलं.

जीप आली, ऐन पावसात, वाट बंद व्हायच्या आत आली. जाऊ बाळंत होऊन सव्वा महिना होईपर्यंत त्यांच्या घरी राहिली. अध्यक्षांच्या बायकोनं तिला लेकीसारखं जपलं, यात मी एक अक्षर कमी करणार नाही. मुलगी झाली, धडधाकट. मी नारळ आणि खण घेऊन गेले, त्या माउलीची ओटी भरली आणि अध्यक्षांच्या पाया पडले. कुणी सांगितलं नव्हतं. मनापासून पडले, आणि त्याचीच मला सगळ्यांत जास्त किळस येते.

पुढं दीडेक वर्षानं कमिटीत विषय आला. या भागाला नर्सबाई मिळालेली आहे, तेव्हा मुळशीची मागणी यादीतून कायमची काढावी. अध्यक्षांनी हात वर करायला सांगितलं. माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. मला ती जीप आठवली, पाळण्यातली पोर आठवली, त्यांच्या बायकोनं जावेच्या अंगाला लावलेलं तेल आठवलं, आणि माझा हात वर गेला. जड वगैरे काही वाटला नाही. सगळ्यांबरोबर गेला, सगळ्यांबरोबर खाली आला.

पुढच्या खेपेला माल्याला थोरल्यांनी सरकून मला ओसरीवर जागा करून दिली. चहा सुनेनं बाहेर आणून दिला. मी बोलायला लागले ती थांबेचना. अध्यक्ष किती लबाड, उपकार करून माणसं कशी विकत घेतो, मुळशीच्या बायकांच्या जिवाशी कसा खेळतो. ते पाचही जण माना डोलवत होते. फार बरं वाटलं मला. अंग हलकं झालं.

घरी आले तेव्हा जाऊ चुलीपुढं भाकरी थापत होती. तिला पुन्हा दिवस गेले होते, आणि या वेळी कुणाची जीप येणार असं कुणी म्हटलं नव्हतं. सगळ्यांनी मिळून मागणी काढली हे एव्हाना गावभर झालं होतं. ती म्हणाली, "मंग आता मुळशीला बाई कवाच यायची न्हाई का, आक्का?" मी तिच्यापुढंही तेच सुरू केलं. अध्यक्षांना झाडून शिव्या दिल्या. तिचं थापणं चालूच होतं. मी थांबल्यावर तिनं तव्यावरची भाकरी उलटली आणि खालमानेनंच म्हणाली, "पर हात तर तुमीबी वर केला."