नाताळची खाती

भरमूअण्णा रोज सव्वाचारला माझ्या झेरॉक्सच्या दुकानात यायचे. पिग्मीचे, म्हणजे रोजच्या बचतीचे, पैसे गोळा करणाऱ्या माणसानं इतकं वेळेवर असू नये, गल्ला रिकामा असला तर लपायलाही सवड मिळत नाही. मी हे त्यांना तोंडावर सांगायची. ते हसायचे नाहीत. माझे पन्नास रुपये घ्यायचे, मशीनची बटणं दाबून पावती काउंटरवर ठेवायचे आणि पुढच्या दुकानाकडे वळायचे.

माणूस बेळगावजवळच्या कडोली गावचा. शेत भावांकडे सोपवून एकोणीस वर्षांपूर्वी एका सोसायटीची पिग्मी धरली, आधी सायकलवर, मग स्कूटरवर. सोसायटीचं मोठं ऑफिस निपाणीला आणि शाखा बेळगावात. कॅम्पातल्या दीडशे दुकानांनी आणि घरांनी त्या शाखेची पायरीही पाहिली नव्हती. त्यांच्या लेखी सोसायटी म्हणजे भरमूअण्णाच. मुलाच्या लग्नादिवशी दुपारी अक्षता पडल्या आणि सव्वाचारला हे गृहस्थ फेटा काढून माझ्या दारात हजर. मी त्यांना चांगलंच झापलं. तर म्हणाले, "एक दिस चुकला की लोकं इचारत्यात, भरमू का आला न्हाय. मग पैसं इचारत्यात."

त्यांचा खरा जीव होता तो नाताळच्या खात्यांत. कॅम्पातल्या ख्रिस्ती घरांची अशी तीसेक खाती होती. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात उघडायची, डिसेंबरच्या मध्यावर मोडायची. नोव्हेंबर लागला की अण्णा एकेकाच्या पायरीवर बसून हिशेब मांडायचे. कपड्यांना इतके, पाहुण्यांना इतके, गोव्याला जायला इतके, आणि शाळेच्या फीचे आधी बाजूला. कुणी जास्त हात सैल सोडला की ते दटावायचे, "नाताळ एक दिसाचा, जानेवारी एकतीस दिसाचा." जन्मभर माळकरी असलेला माणूस, केकला कधी हात लावला नाही, पण कुणाच्या घरी किती किलो मैदा लागतो ते त्यांना पाठ होतं.

त्या खात्यांतलं सगळ्यात मोठं फिलोमिनाबाईंचं. बाई विधवा, चर्चच्या मागच्या गल्लीत राहतात, ऑर्डरीचे केक करतात. रोज शंभर रुपये, वर्षभर, खाडा नाही. डिसेंबरात ते चौतीस-पस्तीस हजार हातात आले की मैदा, लोणी, काजू, बेदाणे रोखीनं भरायचे आणि दहा दिवसांत जे कमवायचं त्यावर पुढचे सहा महिने काढायचे.

दरवर्षी दहा डिसेंबरच्या आत अण्णा खाती मोडायचे तीस अर्ज आणि तीस आधार कार्डं घेऊन झेरॉक्सला यायचे. या वर्षी दहा तारीख गेली, बारा गेली. पावतीचं मशीन रिपेरीला गेलंय म्हणून ते पावत्या हातानं लिहायला लागले. अर्जांचं विचारलं तर म्हणाले, ऑफिसात कंप्युटरचं काम चाललंय, चोवीसला सगळ्यांचे एकदम मिळतील. हे सांगताना त्यांनी पावतीवर तारीख चुकवली आणि खोडून पुन्हा लिहिली. एकोणीस वर्षांत मी त्यांची खाडाखोड पाहिली नव्हती. माझ्या मनात पाल चुकचुकली.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकान बंद करून मी शाखेत गेले. शटर अर्धं खाली होतं. आतला कारकून वाकून म्हणाला, साहेब निपाणीला गेलेत. कधी येतील ते त्याला माहीत नव्हतं, आणि आत दिवेही लावलेले नव्हते. मी सवयीनं खुर्च्या मोजल्या, दोन होत्या. पूर्वी आठ असायच्या असं बाहेरच्या पानवाल्यानं सांगितलं.

सव्वाचारला अण्णा आले तेव्हा मी आडपडदा ठेवला नाही. माझे काढून द्या म्हटलं. ते स्टुलावर बसले, पहिल्यांदाच. माझे सतरा हजार दोनशे आहेत हे त्यांना रुपयासकट ठाऊक होतं, तरी किती म्हणून विचारलं. मग खाली बघून म्हणाले, "माझंबी तिथंच हाय गं. दोन लाख ऐंशी. एकोणीस वर्सांचं कमिशन." गोळा करणं थांबवा, लोकांना सांगून टाका, असं मी म्हणाले. त्यांनी मान हलवली. एक दिवस थांबलो तर अख्खा कॅम्प शाखेवर धावेल आणि मग कुणालाच दमडी मिळणार नाही, असं त्यांचं म्हणणं. मॅनेजरनं चोवीस तारखेची शपथ घेतली होती. अण्णांनी आयुष्यात कुणाला खोटी तारीख दिली नव्हती, त्यामुळे दुसरा देईल हे त्यांना खरंच वाटत नव्हतं.

एकोणीस तारखेला त्यांनी माझ्यापुढे एक पुडकं ठेवलं. दहाच्या, पन्नासच्या, शंभरच्या नोटा, रबर लावलेल्या. ऑफिसातून असे सुट्टे पैसे मिळत नाहीत. हे त्या दिवशीच्या फेरीचे होते.

"घे. कुणाला सांगू नको."

शंभरच्या काही नोटांच्या घडीत मैदा होता. मी तो झटकला आणि पैसे पर्समध्ये टाकले. मला लाज वाटली, पण परत करावेत इतकी नाही वाटली. राग मात्र भरपूर आला, अण्णांचा, मॅनेजरचा, सगळ्यांचा.

बावीसला दुपारी फिलोमिनाबाई आल्या. यंदा त्यांनी सगळा माल उधारीवर उचलला होता आणि दुकानदार चोवीसला दारात येणार होता. पैसे मिळायला कागद कमी पडू नये म्हणून त्यांनी आधारची आणखी एक झेरॉक्स मागितली. मी मशीन चालू केलं. त्या सहज म्हणाल्या, "तुझे मिळाले का गं?"

"नाही अजून," मी म्हणाले.

तेवढ्यात सव्वाचार झाले. अण्णा आले आणि बाईंना बघून दारातच थबकले. बाईंनी पदराची गाठ सोडून शंभरची नोट पुढे केली. अण्णांनी हात मागे घेतला. "आज ऱ्हाऊ दे, बाई," ते म्हणाले.

"का म्हणून?" बाई म्हणाल्या. "वर्षभर खाडा न्हाय पाडला. आता शेवटच्या दोन दिवसांसाठी कशाला पाडू?"

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं असतं तर बाईंची निदान ती एक नोट वाचली असती. पण मग त्यांनी माझी पर्सही मागितली असती. मी झेरॉक्सचा कागद उचलून कडा जुळवत राहिले.

अण्णांनी नोट घेतली, पिशवीत ठेवली, पावती लिहून दिली. बाईंनी ती नीट घडी करून आधारच्या कागदात ठेवली आणि माझ्यापुढे दोन रुपये धरले. मी ते घेतले नाहीत. तेवढंच मला जमलं.