पाण्याच्या नकाशावरचे ठिपके

शालूचं काम नेमकं काय, हे तिच्या सासूला, गोपिकाबाईंना, कधी नीट सांगता आलं नाही. शेजारणींनी विचारलं की त्या म्हणायच्या, "आमची सून जालन्याच्या हापिसात हाय. लोकांच्या हातात मोबाईल देती आन् गप बसून बघती." बायका हसायच्या. पण काम खरोखर तेवढंच होतं, आणि त्यातलं गप बसणंच सगळ्यात अवघड होतं.

ऑफिस म्हणजे नवीन जालन्यात, स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर, बियाण्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या. तिथल्या लहानशा संस्थेने जिल्ह्यातल्या पाण्याचा नकाशा केला होता. लिंक उघडली की मोबाईलवर गावं दिसायची आणि गावांभोवती ठिपके. एकेक ठिपका म्हणजे एखादी सार्वजनिक विहीर, बोअर, नाहीतर जनावरांचा हौद. हिरवा असेल तर पाणी भरपूर, नारिंगी असेल तर कमी होत चाललेलं, लाल म्हणजे कोरडं. गावोगावचे लोक माहिती कळवायचे, तसे ठिपके बदलायचे. बैठकांमध्ये सगळ्यांनी कौतुक केलं. गावात मात्र एकदा उघडलेला नकाशा दुसऱ्यांदा कुणी उघडत नव्हतं.

नकाशा केला होता शीतल मॅडमनी. त्या मूळच्या जालन्याच्याच, पुण्यातली नोकरी सोडून परत आलेल्या. लोक का उघडत नाहीत, हे ऑफिसात बसून कळणार नाही, हे त्यांना पटलं होतं. शालू तेव्हा त्यांच्याकडे माहिती भरायला होती. जाफराबाद तालुक्यातल्या मेंढपाळाच्या घरची लेक आणि तशाच घरातली सून, त्यामुळे कुणाच्याही ओट्यावर जाऊन बसायला तिला अवघड वाटायचं नाही. मॅडमनी तिलाच पाठवलं, आणि पाठवताना बजावलं, "शिकवायचं नाही. बोट दाखवायचं नाही. माणूस कुठं अडतो तेवढं बघायचं. आणि सुरुवातीला सांगायचं की परीक्षा नकाशाची आहे, तुमची नाही."

पहिल्या चांगुणाबाई. टेंभुर्णीकडच्या रस्त्याला त्यांच्या शेळ्या असायच्या. शालूने ते वाक्य म्हटलं, मोबाईल दिला आणि म्हणाली, "मावशी, तुमच्या गावची विहीर काढा बरं."

नकाशा उघडला तेव्हा पडद्यावर सगळा महाराष्ट्र होता. चांगुणाबाईंनी अंगठ्याने तो सरकवला. कामाने चिरा पडलेला अंगठा, काच त्याला दाद देईना. त्यांनी जोरात ओढलं, आणि पडद्यावर नुसता निळा रंग पसरला.

"आगं, माझं गाव कुटं गेलं?"

शालूने ओठ मिटून घेतले.

"ह्ये समदं पाणीच पाणी दिसून राह्यलंय." चांगुणाबाई अजून शोधत होत्या. मग त्यांनी मोबाईल परत दिला. "न्हाई जमत बाई. मी अडाणी."

त्या समुद्रात जाऊन पोहोचल्या होत्या. शालूला हसू आलं नाही. घरी येताना जीपमध्ये तिला तो शेवटचा शब्दच आठवत राहिला.

तिने तो प्रकार जसाच्या तसा मॅडमना सांगितला. मॅडमनी आधी नकाशाला बांध घातला. तो जिल्ह्याबाहेर सरकेना, आणि उघडला की माणूस जिथे उभा आहे तिथलंच गाव पुढे यायला लागलं. कोपऱ्यात अधिक-उण्याची मोठी बटणं आली. पुढे गावांची नावं मराठीत आली, कारण इंग्रजीत गावाचं नाव जो तो वेगळं लिहायचा आणि शोधाला ते सापडायचं नाही. चांगुणाबाईंना विहीर सापडली तेव्हा त्यांनी मोबाईल शेळीलासुद्धा दाखवला.

चैत्र सरत आला आणि मॅडम म्हणाल्या, "आता मेंढरं घेऊन हिंडणाऱ्यांना दाखवायला हवं. उन्हाळ्यात खरी गरज त्यांनाच. तुझे मिस्टर बघतील का?"

आदिनाथ, शालूचा नवरा, कमी बोलणारा माणूस. कळप मोठा नव्हता, पण त्याचा जीव त्यातच. शालूच्या कामाला त्याने कधी आडकाठी केली नव्हती. तिला सकाळच्या एसटीला सोडायला तो रोज मोटारसायकल काढायचा. पण नकाशाबद्दल मात्र एक शब्द विचारायचा नाही. ती मोबाईल उघडून बसली की उठून जायचा. शालूला ते लागायचं. बोलून दाखवलं नव्हतं, एवढंच.

त्या दिवशी तो मेंढरांना पाणी पाजून आला, तेव्हा तिने गळ घातली. तो खाटेवर बसला. "जल्दी कर. लोकर कातरणारे यायचेत."

घरचंच माणूस, म्हणून शालूने नेहमीचं वाक्य काही म्हटलं नाही. "समजा, मेंढरं घेऊन तुमी देऊळगावच्या अंगाला निघालाय. दुपारी पाणी कुटं पाजाल, ते दावा."

आदिनाथने नकाशा झपाझप सरकवला. वाटा त्याच्या पायाखालच्या होत्या. मग तो थांबला. एका ठिपक्यावर बोट ठेवलं. "विहीर कोरडी" अशी अक्षरं वर आली. त्याने दुसरा दाबला. कोरडी. तिसरा दाबला, तोही लालच होता. हिरवा ठिपका त्याच्या अंगठ्याशेजारी होता आणि तो तिकडे बघतही नव्हता.

शालूला राहवलं नाही. "अवं, खाली लिवलंय की. हिरवा म्हंजी पाणी."

"दिसतंय मला."

"मंग हिरव्यावर दाबा ना. लहान पोराला बी कळन."

आदिनाथने मोबाईल खाटेवर ठेवला. "समदे ठिपके येकसारखेच तर हायेत. तुमच्या हापिसाला दुसरं काम न्हाई का?" आणि चपला घालून निघून गेला.

शालूला रडूच आलं. इतके लोक तिने बघितले, कुणी असं मोबाईल टाकून उठलं नव्हतं. तिने मॅडमना निरोप पाठवला, घरच्यांनी मनावर घेतलं नाही. दुपारभर ती धुसफुसत राहिली. भाकरी थापताना आदिनाथचं वाक्य पुन्हा कानात आलं. समदे ठिपके येकसारखेच. लोक अडले की काय बोलतात ते शब्दाला शब्द लक्षात ठेवायची तिला सवय लागली होती. आणि चिडलेला माणूसही उगाच असं बोलत नाही.

तव्यावरची भाकरी तशीच राहिली. तिला साडी आठवली. लेक पायल पोटात असताना डोहाळजेवणाला हिरवी साडी आणायला आदिनाथ एकटा जाफराबादच्या बाजारात गेला होता. आणली ती मातकट, पालापाचोळ्याच्या रंगाची. बायकांनी टाळ्या देऊन हसून घेतलं. गोपिकाबाई म्हणाल्या, "असली कुणी आणतं का रं?" तो म्हणाला होता, "मला हीच आवडली." शालूने जावेची हिरवी साडी नेसून कार्यक्रम उरकला. आपल्या माणसाला आपलं कौतुक नाही, असं तेव्हा तिच्या मनात बसलं ते बसलंच.

संध्याकाळी मेंढरं आत घेऊन आदिनाथ ओट्यावर टेकला. शालूने तांब्या दिला, आणि मग जे करायला नको ते केलं. पायलच्या दोन रिबिनी त्याच्यापुढे धरल्या. एक हिरवी, एक विटकरी.

"ह्यातली हिरवी कंची?"

त्याने रिबिनींकडे पाहिलं, मग तिच्या तोंडाकडे.

"तू बी?" तो म्हणाला.

त्या दोन शब्दांनी शालूचे हात खाली आले.

"शाळंत मास्तर असंच करायचा," आदिनाथ म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "उभं करायचा आन् खडू दावायचा. ह्यो कंचा, त्यो कंचा. समदा वर्ग हसायचा. मला रंग दिसत न्हाईत असं न्हाई. निळा दिसतो, पिवळा दिसतो. लाल-हिरव्याचा घोळ व्हतो."

शालू त्याच्याजवळ बसली. त्याने पुढचंही सांगितलं. लग्नाआधी तो सैन्यभरतीला गेला होता. "पळण्यात पास झाल्तो. छाती बराबर भरली. मंग डॉक्टरनं येक पुस्तक उघडलं. नुस्ते ठिपके. बाकीच्या पोरांना त्यात आकडे दिसून राह्यले होते. मला म्हणलं, वाच. काय वाचू? घरी येऊन सांगितलं, जागा भरल्या म्हणून."

"आत्यांना, तुमच्या आईला बी न्हाई सांगितलं?"

"कुणालाच न्हाई. तुझ्या मोबाईलवर बी तसलेच ठिपके. बघितलं की त्यो डॉक्टर आठवतो."

आत पायल मोठ्याने कविता म्हणत होती. आदिनाथ तांब्या हातात फिरवत राहिला. "त्या साडीच्या येळंला दुकानात गर्दी हुती. बायकोला हिरवी साडी घ्यायला आल्तो, आन् हिरवी कंची ते कसं इचारू? हाताला आली ती घेतली."

शालूने त्याच्या हातावर हात ठेवला. ओट्यावर, उजेडात, असं ती कधी करत नसे.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "परक्या माणसाला बी मी पैलं सांगती, आन् तुमालाच न्हाई सांगितलं. परीक्षा नकाशाची हाय. तुमची न्हाई."

आदिनाथ मान हलवून म्हणाला, "मंग नकाशा नापास. बिलकुल नापास."

दोघंही हसली. कितीतरी दिवसांनी एकदम.

दुसऱ्या दिवशी आदिनाथला विचारून शालूने मॅडमना सगळं सांगितलं. शीतल मॅडम ऐकताना पेन फिरवायच्या थांबल्या. "शंभरातल्या चार-पाच पुरुषांना असं असतं, शालू. मला माहीत होतं गं. शिकवलं होतं आम्हाला. रंग निवडताना आठवलंच नाही बघ."

मग कामाला सुरुवात झाली. आधी मॅडमनी निळा आणि पिवळा घेऊन पाहिला. आदिनाथला फरक कळला, पण शेतात उन्हात मोबाईल धरला की पिवळा उडून जायचा. नुसत्या रंगावर भिस्त नको, आकारच वेगळे करू, असं ठरलं. पाण्याचा पूर्ण थेंब, अर्धा थेंब, रिकामं वर्तुळ. शालूने ते घरी आणलं. आदिनाथने अर्ध्या थेंबाकडे निरखून पाहिलं. "ह्ये काय हाय? पानाचा तुकडा?"

एकदा हौदावर बायकांमध्ये थांबलेली असताना शालूला घागर सुचली. भरलेली घागर, अर्धी घागर, आणि पाणी नसेल तिथे पालथी घागर. कुणाला काही समजावून सांगायची वेळच आली नाही. अडचणी आल्या त्या वेगळ्याच. नकाशा लहान केला की घागरी एकमेकींवर चढायच्या. मॅडमनी मग जवळजवळच्या एकत्र करून वर आकडा घातला. भरलेली आणि अर्धी लांबून सारखी दिसायची, म्हणून अर्धीचं तोंड रुंद केलं. संस्थेचा हिशेब पाहणारे राधेश्याम शेट नाराज होते. "मॅडम, रंगीत होता तेव्हा काय शोभा होती! आता भांड्यांचं दुकान दिसून राह्यलंय."

"दुकान चालायला पाहिजे, शेट," मॅडम म्हणाल्या.

प्रत्येक बदल आदिनाथच्या हातातून जायचा. शालू मोबाईल द्यायची, ते वाक्य म्हणायची आणि गप बसायची. तो चुकला की चक्क खूश व्हायचा. "धर, आणखी येक चूक घावली तुझ्या मॅडमची."

त्या दिवसांतच एकदा जेवताना त्याने आईला सांगून टाकलं. गोपिकाबाईंचा घास हातातच राहिला. "तुझा मामा बी असाच," त्या म्हणाल्या. "पिकली बोरं सोडून कच्ची तोडायचा. आमी त्याला येंधळा म्हणून चिडवायचो. जन्मभर तेच म्हणत गेलो रं त्याला." भाऊ केव्हाच वारला होता. त्यांनी पदराने डोळे टिपले आणि लेकाच्या ताटात न विचारता आणखी एक भाकरी वाढली.

वैशाखात घागरींचा नकाशा सगळ्यांसाठी खुला झाला. जिल्हाभर धावाधाव झाली असं नाही. पण एकदा आलेले लोक परत यायला लागले. एका टँकरवाल्याने ऑफिसात फोन करून सांगितलं, आता बरं दिसतंय. आधी काय अडचण होती असं शालूने विचारलं, तर तो जरा अडखळला आणि म्हणाला, "काही न्हाई, असंच." शालूने पुढे विचारलं नाही.

आदिनाथ त्या उन्हाळ्यात कळप घेऊन देऊळगावच्या अंगाला गेला, तेव्हा वाटेतल्या एका हौदावर भरलेली घागर होती आणि हौदात टिपूस नव्हता. त्याने "माहिती चुकीची" हे बटण दाबलं, पुढच्या गावापर्यंत मेंढरं रेटली आणि रात्रीच्या मुक्कामावरून फोन करून शालूला ऐकवलं. सकाळपर्यंत ती घागर पालथी झाली होती. त्याने तो नकाशा सोबतच्या माणसांना आपण होऊन दाखवला.

परतल्यावर एका बाजाराच्या दिवशी दोघं जाफराबादला गेली. शालू भाजी घेत होती. आदिनाथ चहाच्या टपरीपाशी कल्याणशी बोलत होता. कल्याण म्हणजे पलीकडच्या गावचा मेंढपाळ, तोंडाळ, कुणाचीही टिंगल करणारा माणूस. त्याने मोबाईल उलटसुलट करत विचारलं, "ह्या घागरी कशापायी? पैलं तर रंगीत ठिपके हुते."

शालू थबकली. टपरीवर आणखी माणसं होती.

"मला लाल-हिरवं कळत न्हाई," आदिनाथ म्हणाला, पावसापाण्याचं बोलावं तसं. "म्हणून आमच्या शालूनं घागरी काढायला लावल्या."

कल्याणने त्याच्याकडे पाहिलं. हसेल असं वाटलं, पण तो हसला नाही. "माझ्या थोरल्याचं बी काहीतरी तसंच हाय गड्या," तो हळूच म्हणाला. "आमी त्याला मारत असतो."

"मारू नगंस," आदिनाथ म्हणाला. "घेऊन ये त्याला माझ्याकडं."

मग त्याने बाकड्यावर सरकून जागा केली आणि भाजीच्या पिशव्या घेऊन उभ्या असलेल्या शालूला हाक मारली, "ये, बस हितं. चहा सांगितलाय."