टोलआप्पांची कंबर

टोलआप्पा जागेवरून उठले की त्यांचे गुडघे असे कडाडत, की खडेबाजारातली टांग्याची घोडी बिथरत. तीन कोसांवरच्या काकतीला तर लोक वळीव आला म्हणून वाळवण आत घेत, असं मी ऐकलंय. सांगणारा मीच असेन कदाचित.

बेळगावच्या त्या कचेरीत आम्ही आठ नकलनवीस. मांडी घालून, उतरत्या मेजावर वाकून दिवसभर सरकारी कागदांच्या नकला उतरायच्या. तिजोरीवरचा पहारेकरी तासाला टोल द्यायचा. टोल पडला की आप्पा टाक खाली ठेवत, आढ्याला शिवायला निघाल्यासारखे हात ताणत आणि अंगणातल्या चिंचेला सात फेऱ्या मारून येत. तोवर आमची दीड ओळ झालेली असे.

आप्पा शहापूरच्या विणकराचे. ते म्हणत, "माझा बा मागावर बसून बसून असा वाकला, की आभाळ दावायचं तर त्याला आडवं करावं लागतं. धोटा दिवसभर पळायचा, बा बसलेला. मी न्हाय तसा बसणार."

चार वाजेपर्यंत आमच्या ओळी विहिरीत उतरल्यासारख्या खाली जात. आप्पांची शेवटची ओळ सकाळच्या पहिलीइतकीच सरळ. माझी मान तर अशी धरली होती, की मागून कुणी हाक मारली की मी मेजासकट फिरायचो. आप्पांच्या मागून आठवडाभर चिंचेला हिंडलो, आणि मान एकटी वळू लागली.

मग नवे शिरस्तेदार आले. त्यांना माणूस उठलेला दिसला की सरकार बुडाल्यासारखं वाटे. मुख्य नकलनविसाची जागा रिकामी होती, ती आप्पांनाच मिळायची होती. शिरस्तेदारांनी सगळ्यांदेखत बजावलं, "आप्पा, पुन्हा टोलाला उठलात तर ती जागा विसरा. निपाणीला धाडीन. बसा."

"बसतो की साहेब. पण बसायला आदी उठाय लागतंय."

"ही सरकारची वेळ आहे."

"वेळ सरकारची, अक्षर सरकारचं. कंबर माझी हाय."

तेवढ्यात टोल पडला. आम्ही माना खाली घातल्या. गुडघे कडाडले. आप्पा गेले, सातही फेऱ्या पुऱ्या करून आले, आणि टाक उचलून अर्धी राहिलेली ओळ पुढं लिहू लागले.

दोन दिवसांत निपाणीचा हुकूम आला. आप्पांनी तो वाचला, घडी करून टोपीत ठेवला. मी म्हटलं, "आप्पा, एकदा बसला असता तर?"

"तिथं बी टोल असंल रं," ते म्हणाले. "नसला तर तंबाखूच्या गाड्या मोजून उठीन."

दुसऱ्या दिवशी दहाचा टोल पडला. आप्पांची जागा मोकळी. गुडघे वाजले नाहीत, तेव्हा कचेरी एवढी शांत झाली की दौतीतली शाई वाळताना ऐकू आली. मी टाक खाली ठेवला. माझ्या शेजाऱ्यानं ठेवला. मग सातही जण उठलो.

शिरस्तेदारांनी आमच्याविरुद्ध तक्रार लिहायला कागद ओढला. वर पाठवायची म्हणजे तिच्या दोन नकला हव्यात. त्यांनी नकलनविसाला हाक मारली. आमची तिसरी फेरी चालली होती.