दोनशे मशिनी आणि आमचे दाजी

आमच्या दाजींनी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्यानं, जन्मात कधी कुणाची वाट पाहिली नाही. शिरूरच्या स्टँडवर दौंडची एसटी यायची असली की सगळं जग रस्त्याकडं डोळे लावून उभं असतं. दाजी मात्र रसवाल्याला, कंट्रोलरला आणि शेंगा विकणाऱ्या मावशींना "दौंड लागली की हाक मारा" असं बजावून समोरच्या सलूनमध्ये दाढीला बसलेले असतात. माझ्या साखरपुड्याच्या दिवशी तिघांनीही एकदमच हाक मारली, आणि हा गृहस्थ अर्धी दाढी तशीच ठेवून गाडीत चढला. माझ्या साखरपुड्याच्या एकाही फोटोत दाजींचा डावा गाल नाही. वर मलाच म्हणाले, "गाडी चुकली का पाव्हणं? न्हाई ना? मग झालं तर!"

ही खोड त्यांना नोकरीनं लावली की खोडीमुळंच ही नोकरी मिळाली, देव जाणे. रांजणगावच्या एका कारखान्यात दोनशे मशिनी आहेत, आणि त्या सगळ्यांचं म्हणणं एका कॉम्प्युटरवर ऐकून घेणारा प्रोग्रॅम दाजींनी लिहिलेला आहे. तो त्यांनी मला इतक्या वेळा समजावून सांगितलाय की माझ्या झेरॉक्सच्या दुकानात मी तो गिऱ्हाइकांना सांगू शकेन. "असं बघा पाव्हणं, परतेक वायरीला एक नंबर आसतो. त्याला म्हणायचं फाइल डिस्क्रिप्टर. पलीकडं मशिन आसू द्या, फाइल आसू द्या, आपल्याला फकस्त नंबर ठावं. आता नंबर दोनशे, आन् ऐकणारा मी एकटा. एकीच्याच म्होरं 'बोल बाई, बोल' करत बसलो आन् ती बोललीच न्हाई, तर बाकीच्या बोंबलत बसतील का न्हाई?"

"व्हय," मी म्हणायचो. दुसरं काय म्हणणार?

"म्हून कुणाम्होरंच बसायचं न्हाई. कॉम्प्युटरच्या बुडाशी एक कारभारी आसतो, कर्नेल. त्याच्याकडं सगळ्यांची नावं एकदाच नोंदवायची. जिला काय बोलायचं आसंल तिचाच नंबर तो आपल्याला देतो. तवर आपण निवांत झोपायचं. ह्याला म्हणत्यात ईपोल!" आणि ईपोल म्हणताना त्यांचा चेहरा असा व्हायचा, जसं काही पोरगी शाळेत पहिली आली आहे.

बरं, कारखान्यात करतात ते करू देत. पण हा माणूस घरही ईपोलवर चालवायचा. रविवारी स्वयंपाकघराचा ताबा घेतला की कुकरला शिट्टी आहेच, भाताला टायमर लावला, पण दुधाचं काय? दुधात वाटी पालथी टाकून ठेवायची, उकळी आली की खडखडते. अशी सगळी व्यवस्था लावून दाजी गच्चीवर पेपर वाचत पडायचे, आणि खडखड झाली की बरोब्बर येऊन गॅस बंद करायचे. माणसांचेही त्यांनी दोन प्रकार पाडले होते. "तुमची आक्का एज-ट्रिगर हाय," ते माझ्या कानात सांगायचे, "एकदाच सांगती. तवाच सगळं ऐकून घ्यायचं. निम्मं ऐकून उठलो, तर पुन्हा सांगत न्हाई, डायरेक भांडाण. आन् तुमची आई लेव्हल-ट्रिगर. काम हुईस्तवर सांगतच ऱ्हाती." आमच्या घरातल्या या दोन्ही बायकांची इतकी नेमकी पारख मला जन्म काढून जमली नव्हती, हे कबूल करायलाच हवं.

हसायचो आम्ही त्यांना. मी तर फार हसायचो. मग गेल्या साली त्यांच्या वडलांना, खुटबावच्या आबांना, अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. ज्यांच्या आवाजावर उसाच्या फडातले बैल थांबायचे, त्या आबांच्या तोंडातून नुसती हवा यायला लागली. गाव सोडायला ते तयार नाहीत, म्हणून आक्का खुटबावला राहायला गेली, आणि दाजींनी काय करावं? नोंदणी! आबांच्या डाव्या हाताशी बेल, खाटेवरून उठले तर कळवणारा सेन्सर, दाराला स्विच. सगळ्या वायरी एका डब्यात आणि डबा दाजींच्या मोबाइलवर. "आबांनी निस्तं बोट लावलं तरी मला रांजणगावात कळंल," असं ते मला छाती काढून सांगत होते.

एका सकाळी आक्का औषधं आणायला केडगावला गेली. दाजी कामावर, मोबाइल समोर. बेल नाही, म्हणजे सगळं ठीक. आक्का दुपारी परतली, तर आबा खाटेच्या कडेला अर्धे लोंबकळत होते, डाव्या हातानं खाटेचा पाय धरून. अर्धं अंग खाटेवरच, म्हणून सेन्सरही वाजला नव्हता. तांब्या कलंडलेला. ओठ कोरडे पडलेले. आणि बेल उशाशीच, हात पोचेल अशी. आक्कानं रडत विचारलं, "अवो आबा, बेल का न्हाई दाबली?" त्यांनी नुसती मान हलवली.

आबांनी आयुष्यात कुणाला हाक मारून पाणी मागितलं नव्हतं. ते आता काय बेल दाबणार! हे आम्हाला कुणालाच सुचू नये? दाजी त्या दिवशी डबा उघडून वायरी बघत बसले होते. वायरी ठीक होत्या. "आबांनाच धरलं न्हाई मी ध्यानात," एवढंच म्हणाले, आणि माझ्यासमोर ढसाढसा रडले. मी आपला पाठीवर हात फिरवत राहिलो.

वाचेचे व्यायाम घेणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोज तासभर समोर बसा. शब्द त्यांना शोधू द्या. तुम्ही पुरा करू नका, उठू नका, दुसरीकडं बघू नका. बोलणं लवकर आलं तर आलं, नाहीतर येणारही नाही. आता बघा, जगातल्या नेमक्या ज्या गोष्टीशी दाजींचं हाडवैर, तीच औषध म्हणून लिहून दिलेली!

पण दाजी बसले. पहिली पाळी करून कंपनीच्या बसनं शिरूर, तिथून मोटरसायकलवर खुटबाव. मोबाइल बंद करून आक्काकडं द्यायचे. मी एकदा गेलो तर ओसरीवर बापलेक गुडघ्याला गुडघा लावून बसलेले. आबांचे ओठ हलायचे, थांबायचे. दाजी ढिम्म. त्यांच्या प्रोग्रॅममध्ये किती वेळ थांबायचं त्याचा आकडा द्यावा लागतो, हे मला माहीत होतं, म्हणून मी हळूच चेष्टा केली, "दाजी, इथं टाइमआउट किती?"

माझ्याकडं न बघता ते म्हणाले, "न्हाई ठेवला."

मी चहा न घेताच निघालो.

परवा दाजींना दुसरी पाळी होती, म्हणून ते सकाळीच खुटबावला गेलेले. दुपारी दुकानात आक्काच्या मोबाइलवरून त्यांचा फोन. "पाव्हणं, आबा बोललं! 'जा' म्हनलं मला. 'कामाला जा.' साफ बोललं!" मला हुंदकाच फुटला, झेरॉक्सला आलेली पोरं बघत राहिली.

"मग दाजी, गेलात का कामाला?"

"जातो कसला!" पलीकडून कुजबुजले. "आजून काय म्हणत्यात का, म्हून बसून हाय. ठेवतो आता. ओठ हलाय लागल्यात."