नव्या चटणीवर घेतलेला आळ

माझ्यावर कुणी विश्वास ठेवला नाही, इथूनच सुरू करते. घरच्यांनी नाही, गल्लीनं नाही, चटणी कांडून देणाऱ्या डंकवाल्यानं तर नाहीच नाही. घसा बसेपर्यंत सांगत होते, यंदाची चटणी भडकली आहे, जाळ आहे नुसता, सांभाळा. कुणी ऐकलं? आता पुढचं सगळं सांगते, मग तुम्हीच ठरवा माझं काय चुकलं. चुकलं तर आहेच. किती चुकलं तेवढं ठरवा.

शाळा माझी चौथीपर्यंतच. पण चटणीतलं मला कुणी शिकवायला येऊ नये. चैत्र जवळ आला की मिरच्या गच्चीवर वाळवायच्या, देठं खुडायची, धणे, तीळ, खोबरं भाजायचं, कांदा-लसूण तळायचा आणि सगळं बोचकं घेऊन डंकावर जायचं. तिथं मशीनचे मुसळ धाडधाड आपटत असतात, ठसक्यानं डोळ्यांतून पाणी येतं, तरी शेवटचा घाणा निघेस्तोवर उठायचं नाही. वर्षाची चटणी परक्याच्या भरवशावर कोण सोडतं का?

यंदा तर कारणही मोठं होतं. माघात पोराचं लग्न झालं. आमच्या विहीणबाई आजऱ्याच्या. लग्नात हात धुता धुता चार बायकांत म्हणाल्या, "कोल्हापूरचं जेवण म्हणून लई ऐकलं होतं. रस्सा फिकाच की वो."

आचारी भाड्याचा, रस्सा आचाऱ्याचा, पण नाक कुणाचं कापलं? माझं. त्याच मांडवात ठरवलं, पाडव्याला व्याही-विहीणबाई दोघांना जेवायला बोलवायचं आणि घाम फोडून परत पाठवायचं.

पाडव्याच्या तीन-चार दिवस आधी व्याह्यांनी एसटीनं पिशवीभर ओले काजू पाठवले. झाडावरचे ताजे, टरफलासकट. माझ्या मनात लगेच बेत शिजला. त्यांच्याच काजूची आमटी, माझ्या चटणीत!

सून प्राजक्ता कामावर निघाली होती. म्हणाली, "आई, मी आल्यावर सोलते. हाताला तेल लावून सोलावं लागतंय त्ये."

मी म्हटलं, जा तू. मनात म्हटलं, बघा, सासूला काजू सोलता येत नाहीत असं वाटतंय हिला. ती गेली आणि मी विळी ओढून बसले. तेल कशाला लावायचं? पोतं पोतं मिरच्या निवडलेले हात आहेत हे. टरफलातून चीक गळत होता, बोटं काळी झाली. साबणानं घासली, विषय संपला. परात भरून पांढरेशुभ्र गर निघाले. फ्रीजमध्ये ठेवले आणि सून यायच्या आधी टरफलंसुद्धा टाकून आले.

दुसऱ्या दिवशी डंकावर गेले. रांगेत माझ्यापुढं कोडोलीहून लेकीकडं आलेली एक बाई. तिच्या पोत्यात नुसती लवंगी मिरची, म्हणजे नुसता विस्तव. माझ्यात बेडगी भरपूर, लवंगी मूठभर. माझं कांडून झालं, परातीत ओतलं, मीठ टाकलं आणि दोन्ही हातांनी कालवायला घेतलं.

काय सांगू, हातांची अशी आग झाली की इंगळ्या डसल्यासारखं वाटलं. इतकी वर्षं चटणी कालवतेय, हाताला कधी काही कळलं नाही. आणि आज? माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. कोडोलीवालीची लवंगी उखळात राहिली आणि ती माझ्या चटणीत आली!

डंकवाला तानाजी तसा गरीब माणूस. त्या दिवशी मात्र मी त्याला धरला. "उखळ न पुसता माझी चटणी घातलीस व्हय रं?"

"शालनताई, तुमच्यासमोरच पुसलं की."

मी म्हटलं, हात बघ माझे, लाल झालेत. त्यानं हात बघितलेच नाहीत. चिमूट उचलली आणि जिभेवर टाकली. "गोड हाय की, ताई."

आता आमच्या घरात एक रीत आहे. नवी चटणी पाडव्याच्या नैवेद्यात पडल्याशिवाय कुणी जिभेला लावायची नाही. आणि या बाबानं परातीतूनच उचलली. मग मी जे तोंड सोडलं, त्यातलं इथं लिहिण्यासारखं काही नाही. रांगेतल्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. कोडोलीवाली तर पुढं आली, तिनंही चिमूट घेतली, चाटली आणि म्हणाली, "तान्ह्या पोराच्या दुधात घालावी असली हाय की ही."

परात उचलली आणि तडक घरी आले. वाटेत भेटेल त्याला सांगत आले, तानाजीच्या डंकावर जाऊ नका.

घरी आल्यावर हात ताकात बुडवून बसले. आमचे मालक म्हणाले, बघू का जरा चाखून? त्यांचा हात झटकला. संध्याकाळी प्राजक्ता आली. "आई, दाखवा बघू हात. काजूचा..."

"तुझ्या म्हायेरचं काजू कशाला मधी आणतीस? चटणी हाय ती."

बिचारी गप्प बसली. तिची काही चूक असेल तर एवढीच.

पाडवा उजाडला. गुढी उभारली, पुरण झालं, काजूची आमटी चुलीवर चढवली. एरवी या पातेल्याला चांगली वाटीभर चटणी लागते. मी विचार केला, जी चटणी हाताला एवढी भाजते, ती पाहुण्यांच्या पोटात काय करील? विहीणबाईंना दवाखान्यात न्यावं लागलं तर सगळा आजरा मला नावं ठेवील. म्हणून चमचाभर घेतली. त्यातली अर्धी परत डब्यात टाकली. वर नारळाचं दूध ओतलं, धीर होईना म्हणून गुळाचा खडा टाकला. प्राजक्तानं पातेल्यात वाकून बघितलं आणि विचारलं, "आई, ही खीर हाय का आमटी?"

नैवेद्याची आमटी, चाखता येत नाही. देवानं खाल्ली. त्याची काही तक्रार आली नाही.

मग पाहुणे बसले. व्याह्यांनी पहिला घास घेतला आणि थांबले. दुसरा घेतला आणि लिंबू मागितलं. विहीणबाई लई गोडीनं म्हणाल्या, "जरा चटणी वाढता का?"

मी डबा पुढं केला, पण हातातून सोडला नाही. म्हटलं, "विहीणबाई, यंदाची चटणी साधी न्हाय. बोटाच्या टोकावर येईल एवढीच घ्या."

त्यांनी चमचा बुडवून काढला. भातावर घेतला, कालवला, खाल्ला. मी एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्यात साखरेची वाटी घेऊन उभी. आता ठसका लागेल, मग लागेल. त्यांनी दुसरा चमचा घेतला.

"झ्याक झालीया. ही आमटीत का न्हाय घातली?"

मी आपली साखरेची वाटी पुढंच धरलेली. त्यांनी वाटी घेतली नाही, माझं मनगट धरलं. बोटांची टोकं काळी, तळहाताची साल निघालेली. "हे काजू तेल न लावताच सोललं? कुणी?"

खोटं कशाला बोलू, माझी नजर आधी प्राजक्ताकडं गेली. ती पुरणपोळी वाढत होती. हात लोण्यासारखे मऊ, स्वच्छ. नजर परत आणली.

व्याही म्हणाले, काजूचा चीक लबाड असतो, लगेच कळत नाही, दुसऱ्या दिवशी भाजायला लागतो. मालक तोवर गुपचूप आमटीत चटणी कालवून ओरपत होते.

विहीणबाई शांतपणे म्हणाल्या, "म्हणजे काजू चांगलं, चटणी चांगली, डंकवालाबी चांगला. मग आमटी बिघडवली कुणी?"

मला अजून दोन-चार नावं सुचत होती. एसटीचा कंडक्टर होता, काजू त्याच्याच गाडीतून आलेले. सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात मालकांनी ताटातून मान वर न करता सांगून टाकलं,

"शालननं."