खोका कुठल्या बाजाराचा

मुलीचा एक विषय राहिला होता, असेंब्लरचा. तो या खेपेलाही सुटला नाही तर तिचं बारामतीचं कॉलेज बंद करायचं आणि अंथुर्ण्याच्या स्थळाला होकार द्यायचा, असं घरात ठरलं. ठरवलं तिच्या वडिलांनी आणि थोरल्या भावजींनी. मी चहा देऊन आत गेले.

मी शेळगावजवळच्या एका शेडमध्ये डाळिंबं निवडायला आणि भरायला जाते. दिवसभर उभं राहून पाय सुजतात. संध्याकाळी भाकरी थापायला बसले की ती शेजारी येऊन मला शिकवायची. म्हणजे मला सांगता सांगता तिचं पाठ व्हायचं. माझी शाळा चौथीपर्यंतची. मी हूं हूं करायचे. मधेच डोळा लागायचा.

"मम्मी, झोपू नको. माणसानं लिहिल्यालं असेंब्लर मशीनच्या भाषेत करतो. जी फाइल तयार हुती ती ऑब्जेक्ट फाइल."

"मग झालं की."

"न्हाय झालं. असल्या फायली एकमेकीला जोडायला लिंकर निराळा. आन् असेंब्लरला हुकूम देतानाच सांगायचं, फाइल कसल्या बांधणीची पायजे. डॅश एफ लिहायचं, पुढं बांधणीचं नाव. लिनक्सला एल्फ, विंडोजला विन."

"सगळ्यास्नी एकच कर म्हणावं."

ती वैतागली. मग म्हणाली, "तुमी दुबईचा आन् पुण्याचा माल एकाच खोक्यात भरता का?"

"न्हाय. दुबईला पुठ्ठ्याचा खोका, पुण्याला क्रेट."

"तसंच हाय हे. डाळिंब तेच, खोका बाजार बघून."

"आन् कुणी सांगितलंच न्हाय तर?"

"तर आमचा असेंब्लर बिन नावाची साधी फाइल करून ठेवतो, बिनखोक्याच्या मालासारखी. लिंकर ती घेत न्हाय."

डॅश ओ म्हणजे तयार फाइलला आपण नाव द्यायचं, हेही तिनं सांगितलं. बाकीचं मला आठवत नाही.

तोंडी परीक्षा देऊन आली त्या दिवशी ती जेवली नाही. बराच वेळ विचारल्यावर बोलली.

"परीक्षा घ्यायला आलेल्या बाहेरच्या सरांनी विचारलं, डॅश एफ कशाला. इंग्रजीतनं पाठ हुतं, पर तोंडातनं निघंना. मी डाळिंबाचं सांगितलं."

"सगळ्यांम्होरं?"

"व्हय. पोरं हसली. एकजण म्हणला, क्रेट आणलाय का संगं. सरांनी विचारलं, डाळिंबं घरची का? म्हणलं, घरची न्हाईत, आई दुसऱ्याच्या शेडला जाती."

मी तिच्या कॉलेजात कधी गेले नाही. सोडायलासुद्धा फाट्यापर्यंतच जायचे, माझ्यावरून तिला कुणी बोलू नये म्हणून. आता सगळ्यांना कळलं होतं. तव्यावरची भाकरी करपली.

"सर बी हसले का?"

"न्हाय. त्यांनी पुढचं विचारलं. बिन फाइल मग चालती कुठं?"

"चालती का कुठं?"

"चालती. मशीन चालू व्हताना, जितं जोडायला कुणीच नसतं तितं. तेवढं मला आलं."

निकाल लागेपर्यंत अंथुर्ण्याहून फोन येत राहिले. ते वाजले की मी भांडी घासायला काढायचे, घासलेली असली तरी.

विषय सुटला. काठावर सुटला, पण सुटला. तिच्या वडिलांनी अंगणात उभं राहून अंथुर्ण्याला फोन केला. आवाज इतका नरम ठेवला होता की जणू त्यांचाच काही गुन्हा असावा. पोरगी शिकतीय, वर्षभर थांबा, म्हणाले. तिकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. आत येऊन मलाच म्हणाले, "थांबत न्हाईत ती. असं स्थळ परत कोण आणंल?"

मी त्यांच्यापुढं सहसा बोलत नाही. त्या दिवशी गप्प राहायचाही कंटाळा आला होता.

"न्हाय आणलं तर न्हाय," मी म्हणाले, आणि पाय पसरून भिंतीला टेकले.

ते बाहेर गेले. एरवी मी टाकते ती म्हशीची वैरण त्यांनीच टाकली.